दोन हाकांना एक ओ

दादरला ब्लाउजच्या दुकानाबाहेर साड्यांना फॉल लावत बसलेल्या शेवंतीताईंना अख्खी गल्ली ओळखते. हातात सफाई, जिभेला धार. घाई करणाऱ्या बाईला त्या सुईवरची नजर न उचलता म्हणतात, "उद्या ये. आजचं आज मी माझ्या आईचंपण करत नाही." त्यांचं नाव शेवंती नाही, हे आता जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. ते माणूस म्हणजे त्यांची आई रखमा, आणि तिलाही अलीकडे ते रोज आठवतंच असं नाही.

बाईचं खरं नाव चंपा. शेवंती तिची थोरली बहीण, वर्षानेच मोठी. गिरण्यांचा संप चालू होता त्या वर्षी घोडपदेवच्या चाळीत ती तापाने आठ दिवसांत गेली. बाप धोंडू घरी बसलेला, घरमालक दारात उभा. महिना व्हायच्या आत खोली सोडावी लागली.

रखमाच्या माहेरी, कोकणात, एक रीत होती. घर सोडताना घरातल्या बाईने उंबऱ्याबाहेर उभं राहून एकेकाला नावाने हाक मारायची. त्याने आतून 'इलंय', म्हणजे 'आलो', अशी ओ द्यायची आणि मगच बाहेर पडायचं. नाहीतर माणूस पुढे जातं आणि त्याचं काहीतरी मागे राहतं. रखमाने त्या दिवशी नवऱ्याला हाक मारली. तो बाहेर आला. मग सवयीने म्हणा, नाहीतर जीव निघत नव्हता म्हणून म्हणा, तिच्या तोंडून गेलं, "शेवंते, चल गो."

धोंडूने मान खाली घातली. शेजारणींनी पदर तोंडाला लावले. रखमा तशीच उभी, ओ आल्याशिवाय पुढची हाक मारायला तयार नाही. आत एकटी चंपा, सहा-सात वर्षांची. तिला आईची दया आली. शेवंतीसारखा बारीक आवाज काढून ती म्हणाली, "इलंय."

पोरीने मायेनेच केलं हो. पण ज्याची हाक त्यानेच घ्यावी, दुसऱ्याने घेऊ नये, हे तिला कोण सांगणार?

पुढे लालबागला मामाच्या खोलीत, साडीचा पडदा लावून अर्ध्यात राहिले. रेशनकार्डावरून शेवंतीचं नाव धोंडूने कमी केलंच नव्हतं. साखर जास्त मिळे आणि त्या दिवसांत साखरेचा दाणाही मोलाचा होता. एकदा भर दुपारी तपासणीला साहेब आला. "दोन मुली लिहिल्यात. कुठायत?" रखमाने चंपाला पुढे केलं, मग 'बहिणीला बोलावून आण' म्हणून बाहेर पिटाळलं. चंपाने गॅलरीच्या टोकाला जाऊन शेवंतीचा निळा फ्रॉक चढवला, दोन वेण्यांची एक केली आणि परत दारात आली.

"नाव?"

"शेवंती."

साहेबाने तिच्याकडे पाहिलं, तिच्या खांद्यामागे पाहिलं आणि दोन खुणा केल्या. जाताना रखमाला म्हणाला, "बाई, दोघींना एकदम आणलंत ते बरं केलंत. सारख्याच दिसतात की!"

ही गोष्ट मामा पुढे वर्षानुवर्षं हसून सांगायचा. चंपा कधी हसली नाही. तो निळा फ्रॉक तिने पुन्हा अंगाला लावला नाही.

पण नाव पाठ सोडीना. शाळेत घालायच्या वेळी चंपाचा दाखला सापडेना, शेवंतीचा होता. घातलं शेवंती म्हणून. लालबागहून भायखळा, भायखळ्याहून परळ, दर वेळी रखमा उंबऱ्यावर उभी राहून दोन हाका मारी आणि चंपा दोनदा 'इलंय' म्हणे, एकदा बारीक आवाजात, एकदा आपल्या. लग्नात नवऱ्याने नाव बदलावं अशी तिची फार इच्छा होती. पण दीपकला दुसरं नाव सुचेना. "शेवंती चांगलं आहे की," असं म्हणून त्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने तेच लिहिलं. त्याला आजही वाटतं, सासूबाई 'चंपा' म्हणतात ते लाडाचं नाव आहे.

दीपकला स्वतःची खोली नव्हती, तेव्हा तो परळलाच राहायला आला. धोंडू म्हातारपणी गावी गेला आणि तिथेच वारला. आता ती परळची चाळही पाडायला निघाली. खोली सोडायच्या दिवशी सकाळी चंपाने आईची वेणी घालता घालता विषय काढला.

"आये, आज फक्त मला हाक मार. चंपा म्हणून. ह्या वेळी तिला राहू दे."

"एकटी रवतली?" रखमाचे डोळे भरले. "ल्हान हा गो ती."

चंपालाही भरून आलं. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईने एकदा तरी स्वतःच्या नावाने उंबरा ओलांडावा की नाही? आईने हाक मारलीच, तरी आपण ओ द्यायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

दुपारी बारा वाजता खोली रिकामी झाली. दीपक आपल्या हाकेला ओ देऊन शेवटचं गाठोडं खाली टेम्पोत ठेवायला गेला. रखमा काठी टेकून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. चंपा आत, भिंतीला पाठ लावून.

"शेवंते, चल गो."

चंपाने ओठ घट्ट मिटले.

"शेवंते." म्हातारीचा आवाज कापला. चंपाने भिंतीला पाठ आणखी दाबली. खोलीत इतकं शांत झालं की मोरीतल्या नळाचा थेंब ऐकू आला. नळ तर परवाच तोडून नेला होता.

रखमाने डोळे पुसले. "चंपा, चल गो."

चंपाने तोंड उघडलं.

"इलंय."

आवाज मोरीकडून आला. सहा-सात वर्षांच्या पोरीचा, आणि शेवंतीचा नव्हे. लहानपणच्या चंपाचा, हुबेहूब. इतकी वर्षं ऐकून ऐकून कुणीतरी तो शिकलं होतं.

रखमाचा चेहरा उजळला. तिने वाकून, कमरेएवढ्या उंचीवर हवेत हात फिरवला, केस सारखे करावेत तसा. मग रिकाम्या खोलीत, भिंतीजवळ उभ्या असलेल्या बाईकडे तिने पाहिलं.

"आणि शेवंते, तू गो? तू हयच रवतलंस?"

खाली दीपकने टेम्पोचा हॉर्न वाजवला.

"इलंय," शेवंती म्हणाली.