शुक्रवारचा पेला

पिणाऱ्याचे किस्से गाव सांगतं, पण सोडलेल्याचे किस्से त्याचे त्यालाच सांगावे लागतात. आमच्या बारामतीच्या ग्रूपमध्ये ते इतके साठलेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत. नव्वद सालानंतरची गोष्ट. दारू सोडलेली आम्ही मंडळी दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. बारा पायऱ्यांचा कार्यक्रम. आपल्याच्यानं होत नाही हे कबूल करायचं, आपल्याला जसा समजला तसा जो परमेश्वर असेल त्याच्यावर हवाला टाकायचा, आणि आजचा दिवस प्यायचं नाही. उद्याचं उद्या.

मी शिंपी. माणसांची मापं काढायची सवय हाताला आहे, ती जिभेलाही लागली. समजून घ्या.

*

ग्रूपचा पहिला नियम गुप्तता. नाव सांगायचं, आडनाव नाही, आणि इथं कोण येतं ते बाहेर बोलायचं नाही.

इंदापूरचे हमीदभाई सायकलवाले पहिल्यांदा आले तेव्हा एसटीतून उतरून, तोंडाला रुमाल लावून, चौकातल्या चहावाल्याला त्यांनी फक्त "शाळा कुठं आली?" एवढंच विचारलं.

चहावाला म्हणाला, "दारू सोडल्याली मानसं व्हय? मागच्या दारानं जावा. म्होरल्या दारात तुमचा मेव्हणा उभा हाय. त्यो बी तितंच चाललाय."

*

मग एक दिवस रुबेन आला. लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर, बारामतीत भाड्याची खोली. मूळचा कोकणातला, अलिबागकडचा. बेने इस्राएल, म्हणजे आपल्यासारखंच मराठी बोलणारा ज्यू. आम्ही त्याच्याआधी ज्यू पाहिला नव्हता आणि त्यानं आमच्याइतकी टारगट भक्तमंडळी पाहिली नव्हती.

आमच्यात नव्या माणसाला एक जुना माणूस सांभाळतो. रुबेनच्या वाट्याला कन्हेरीचे तात्या आले. तात्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे, तात्यांनी द्राक्षबाग लावली आणि मधली बरीच वर्षं पिण्यात घालवली. आता मात्र बिरोबाचा भंडारा लावून सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे.

"तुमचा देव कंचा?" तात्यांनी विचारलं.

"एकच आहे, तात्या. त्याची मूर्ती नसते."

"आमचा बी एकच, बिरोबा. बाकीचं त्याचं पाव्हणं." मग तात्या विचारात पडले. "पर मूर्ती न्हाय म्हंजी पिऊन आल्यावर त्वांड कुनापुढनं लपवायचं?"

"तीच तर अडचण आहे," रुबेन म्हणाला. "तो सगळीकडंच असतो."

*

वर्गात मास्तरांच्या टेबलामागं सरस्वतीची तसबीर होती. शेवटी उभं राहून प्रार्थना म्हणायची वेळ आली की रुबेन अलगद कोपऱ्याकडे वळायचा. हमीदभाईही तिकडंच वळायचे. तात्यांना ते काही दिवस खुपलं.

"देवीला पाठ दावू नये, रुबेनराव."

"पाठ नाही दाखवत, तात्या. आम्ही जेरुसलेमकडं तोंड करून प्रार्थना करतो. ते पश्चिमेला आलं."

"मक्का बी तिकडंच," हमीदभाई म्हणाले.

तात्यांनी खिडकीतून अंदाज घेतला. "म्हंजी वडगाव निंबाळकरच्या अंगाला व्हय की. मग तुमी दोघं खुशाल करा. तितं माझी सासुरवाडी हाय. मी न्हाय तिकडं त्वांड करनार."

*

पण रुबेनचं खरं दुखणं शुक्रवारचं होतं. ते त्यानं सांगितलं त्या दिवशी कुणी हसलं नाही.

ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. घरची बाई दिवे लावते, आणि घरच्या पुरुषानं चांदीच्या पेल्यात वाइन घेऊन आशीर्वाद म्हणायचा. त्याला किद्दुश म्हणतात. मग पेला सगळ्यांत फिरतो. रुबेनच्या घरी तो पेला आजोबांपासूनचा. दारू सुटली तशी त्याच्या बायकोनं, सारावहिनींनी, तो पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली. तेव्हापासून शुक्रवारी दिवे लागायच्या आत रुबेन घरातून उठायचा आणि एसटी स्टँडच्या बाकावर जाऊन बसायचा. घरात बायको दिव्यांपुढं एकटी.

"आठवडाभर देव मला बाटलीपासून लांब ठेवतो," तो म्हणाला, "आणि शुक्रवारी तोच देव म्हणतो, पेला उचल. ऐकलं तर मी मरतो. नाही ऐकलं तर मी त्याचा कसला?"

पायऱ्या आम्हाला तोंडपाठ होत्या, पण ह्याचं उत्तर त्यांत नव्हतं. तात्यांनी आपला चहा रुबेनपुढं सरकवला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. घरातून हाकललेली माणसं आम्ही रोज बघायचो, पण हा आपण होऊन उठून जात होता.

*

आमच्या बायकांची एक सवय सुटता सुटत नाही. वास घेण्याची. माझ्या बायकोनं देवळातून आणलेल्या तीर्थाचासुद्धा आधी वास घेतलेला आहे. हमीदभाईंच्या बीबी तर ते दातांच्या डॉक्टरकडून आले की वर खिडकीतूनच सांगायच्या, "थांबा, खाली येते. तोंड उघडून ठेवा."

तात्या म्हणायचे, "बाईचं नाक आपन खराब केलं. त्येला दोष न्हाय देयाचा."

*

पुढं कोकणातून रुबेनची आई आली. शुक्रवारी संध्याकाळी मुलगा चपला घालताना बघून तिनं कारण विचारलं. त्यानं सांगितलं. म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे, आपल्या गावात वाइन कुणाच्या बापानं पाहिली होती? काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून गाळायच्या. त्या शरबतावर तुझ्या आजोबांचा जन्म गेला. बाटली तर तू आणलीस, मुंबईची नोकरी लागल्यावर."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू शुद्धीवर कधी होतास?"

*

आणि आता तो शुक्रवार. रुबेननं तात्यांना, हमीदभाईंना आणि मला घरी बोलावलं. शरबताचा मान तात्यांनी मागून घेतला. मनुका त्यांच्या घरच्याच.

मार्चचं ऊन. तात्या दुपारी कॅन घेऊन हजर. रुबेननं झाकण उघडलं आणि आम्ही चौघंही एकदम मागं सरलो. ह्या वासाच्या बाबतीत आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"तात्या, कधी भिजत घातल्या?"

"सोमवारी." तात्यांचा चेहरा उतरला. "म्हनलं, मुरलं की गोडी वाढंल."

रुबेननं कॅन मोरीत रिकामा केला, दोन बादल्या पाणी ओतलं आणि चपला शोधायला लागला. सारावहिनी दिव्यांत तेल घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बसा, रुबेनराव," तात्या ओरडले. "बागंत द्राक्षं हायत की अजून." आणि माझी लूना घेऊन गेलेसुद्धा.

शब्बाथ लागला की द्राक्षं पिळायलाही बंदी, म्हणून सगळ्यांचं लक्ष उन्हाकडे. तात्या क्रेट घेऊन आले तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. मी दुकानातलं धुतलेलं मलमल आणलं. आम्ही देठ काढले, रुबेनच्या आईनं पातेलं धरलं आणि रुबेननं मुठीनं पिळलं. कोपरापर्यंत रस आणि डोळ्यांत पाणी. सारावहिनींनी मंगळसूत्रातून किल्ली काढली.

दिवे लागले. आशीर्वादाला डोकं झाकलेलं लागतं. तात्यांचं मुंडासं आणि हमीदभाईंची टोपी होतीच, मी डोक्यावर रुमाल टाकला. रुबेननं पेला उचलला. आशीर्वाद त्यानं हिब्रूत म्हटला, मग आमच्यासाठी मराठीत सांगितला. द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणाऱ्या परमेश्वराची स्तुती असो.

"आनि वेलीला पानी कुनी घातलं?" तात्या माझ्या कानाशी पुटपुटले.

रुबेन प्यायला. पेला सारावहिनींकडे आला. त्यांनी सवयीनं आधी वास घेतला. आम्ही सगळे खाली बघायला लागलो. मग त्या प्यायल्या. आई प्यायल्या, हमीदभाई, मी, शेवटी तात्या. तात्यांनी पेला तळापर्यंत संपवला.

आई पातेल्याकडे हात नेत म्हणाल्या, "आणखी देऊ?"

तात्यांनी पेल्यावर पंजा ठेवला. "नको, आई. जल्मात पैल्यांदा एकावर भागलं."

सारावहिनींनी त्यांच्या हातातून पेला घेतला, धुतला, पुसला आणि मांडणीवर रोजच्या स्टीलच्या पेल्यांत पालथा घातला. पेटी उघडीच राहिली.