पुण्याहून आलेली जाऊ
पावडरचा वास आला की मला अजून माझी धाकटी जाऊ आठवते. बहात्तरच्या दुष्काळात दीर कामासाठी पुण्याला गेले आणि पुढं तिलाही घेऊन गेले. सासूबाईंजवळ कुणीतरी हवं म्हणून आम्ही सोनपेठजवळच्या गावातच राहिलो. दिवाळीला ती नायलॉनची साडी नेसून, तोंडाला वासाची पावडर लावून आली, तेव्हा अख्खी गल्ली तिच्याभोवती जमली. "पाणी कुठून आणतीस गं?" सासूबाईंनी विचारलं. "घरातच नळ हाय," ती म्हणाली. मी तेव्हा नदीवरून आणलेली घागर उतरवत होते. अंगाचा नुसता जाळ झाला. रिकामी कळशी उचलून मी तशीच पुन्हा गोदावरीकडं निघाले, तर ती मागोमाग आली. "अक्का, तिथं दिवसभर बोलायला कुणी न्हाई. लय करमंना बघा." मला ते नखरे वाटले. "मग तू ऱ्हा इथं, मी जाते," मी फटकन म्हणाले. तिनं वाळूतच माझा हात घट्ट धरला. "खरंच?" तिचे डोळे भरून आले होते. मी हात सोडवून घेतला आणि कळशी भरायला वाकले. दुसऱ्या दिवशी एसटी तिलाच घेऊन गेली. आज मी म्हातारी झाले, तरी तिचा हेवा पुरता गेलेला नाही. जाताना ती माझाच हेवा करत गेली, एवढंच काय ते समाधान.