शिंगाळ्याचा काटा

चौदाव्या वर्षी माझ्या तोंडावर मुरमं उठली. एक-दोन नव्हेत, दोन्ही गाल आणि कपाळ भरून. लाल, टणक, आत पू धरलेली. त्या काळी राज्य इंग्रजांचं होतं, पण रेवसजवळच्या आमच्या कोळीवाड्यात औषधपाण्याचं राज्य माझ्या मावशीचं. कुणी बोलावलेलं नसताना ती आली, माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली आणि आयला म्हणाली, "बाय, ही मुरमं न्हाय गो. रगतपितीची सुरुवात अशीच व्हते. मंग चामडी मरते. टोचला तरी कलत न्हाय."

रगतपिती म्हणजे महारोग. आमच्या बंदरावर तसा एक माणूस बसायचा. एकदा त्याच्या बोटाला विडीचा विस्तव लागलेला मी पाहिला होता. कातडं जळत होतं आणि तो आपला मुंबईहून येणारी आगबोट बघत होता. गावाने त्याला लांब वाळूवर खोपटं बांधून दिलं होतं. बायकोपोरं तिकडे फिरकत नसत. मावशी बोलली आणि माझ्या डोळ्यांपुढे तेच खोपटं उभं राहिलं. आत मी होते.

दुसऱ्या दिवसापासून मी खात्री करायला लागले. शिंगाळा माशाचा काटा किती झोंबतो, ते कोळ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. तसला एक वाळलेला काटा मी पदराच्या गाठीत ठेवला. सकाळी पाण्याला गेले की विहिरीमागे उभी राहून गालात टोचायची. डोळ्यांत पाणी आलं की जीव भांड्यात पडायचा. आजच्यापुरती सुटले! पण दुपारपर्यंत भीती परत यायची, मग दुसरा गाल. टोचलेलं चिघळायचं, काळं पडायचं, तिथे खड्डा राहायचा. तो बिघडलेला चेहरा हंड्यातल्या पाण्यात बघून मी आणखी घाबरायची.

बाजारात बायका माझी पाटी टाळून आयच्या पाटीतली मासळी घेऊ लागल्या. पूर्वी येता-जाता आय माझ्या तोंडावरून हात फिरवायची, तेवढं मात्र थांबलं. ते का थांबलं, हे विचारायची माझी छाती नव्हती.

एके सकाळी काटा टोचला आणि काहीच वाटलं नाही. पुन्हा टोचला. तरी नाही. हंडा तिथेच टाकून मी घराकडे पळाले, ओरडतच, "आये, मेली गो माझी चामडी!"

आयने बैलगाडी ठरवली आणि मला अलिबागला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. ते कापसाची वात गालाला लावणार, आणि लागेल तिथे मी बोट ठेवायचं. बोट चुकलं की खोपटं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो हलका कापूस कळावा म्हणून मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

"उघड डोळे. सगळं बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "महारोग-बिहारोग काही नाही. वयात येताना कातडी तेलकट होते, मुरमं येतात आणि जातात. या एका जागी जाड खपली धरली आहे, ती काय दुखणार? पण हे खड्डे कशाने केलेस?"

मी गाठ सोडून काटा टेबलावर ठेवला. "दुखतंय का, ते बघत व्हते."

त्यांनी तो उचलून पाहिला आणि आयच्या हातात दिला. "मुरमं जातील, पोरी. हे खड्डे मात्र राहतील."

परतीच्या वाटेवर आयने तो काटा खाडीत भिरकावला. मग तिने आपला मिठाने फुटलेला, मासळीचा वास येणारा हात माझ्या गालावर ठेवला. किती दिवसांनी! ताज्या जखमेवर तो मिठाचा हात असा झोंबला की मी कळवळले.

"दुखतंय का गो?" तिने विचारलं.

"व्हय," मी म्हणाले, आणि तिला हात काढू दिला नाही.