ओपन, क्लोज आणि अडीच किलो मटकी

चूक माझीच होती, हे आधी लिहून टाकतो.

नाशिकला पंचवटीच्या पुढे सरकारी घरकुलांची एक वसाहत आहे. ती माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होती. एका शनिवारी खबऱ्या आला.

"साहेब, वसाहतीच्या शॉपिंग सेंटरात रविवारी माणसं जमतात. म्हणतात, ओपन असलं की आकडा चढतो, क्लोज असलं की पडतो."

मटक्याच्या केसेस करण्यात माझी निम्मी नोकरी गेली होती. ओपन, क्लोज, आकडा. आणखी काय हवं? स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि रविवारी सकाळी छापा घातला.

एका गाळ्यात शिंपी चाचा मशीन चालवत होते, शेजारी निवृत्त मास्तर किराणा मांडून बसले होते. जीप पाहून मास्तरांच्या हातून तराजू पडला. घाबरलेला माणूस गुन्हेगारच असतो असं नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. तेव्हा मलाच आठवलं नाही. झडती झाली. पंचनामा लिहिता लिहिता हवालदार थांबला.

"साहेब, मटका नाय. मटकी हाय. अडीच किलो."

"लिही," मी म्हणालो.

दोघांना ठाण्यात आणलं.

"आकडा कोण काढतो?" मी चाचांवर ओरडलो.

"एजंट काढतो, साहेब."

"बुकी कोण?"

"बुकिंग कुठं झालं अजून? आज पार्टी येणार होती. तुमची जीप बघून गेटवरूनच पळाली."

"कसली पार्टी?"

"फ्लॅट बघणारी!"

मग मास्तरांनी उलगडा केला. सेंटरमधली दुकानं बंद पडत गेली तसे वसाहतीतल्या फ्लॅटचे भाव उतरले. खाली किराणा, औषधं, शिंपी दिसले की घेणारा चांगला आकडा बोलतो. शटरं बंद दिसली की तोच माणूस तोंड वाकडं करतो. म्हणून घर बघायला कोणी येणार असेल त्या रविवारी रहिवासी घरचंच सामान आणून गाळे उघडत. मटकी मास्तरांच्या उसळीची होती.

"ही फसवणूक नाही का?"

"पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही घर झाडत नाही का, साहेब?" चाचा म्हणाले. "बायकोचे गुडघे गेलेत. तिसरा मजला विकून तळमजल्यावर यायचं होतं."

'समज देऊन सोडले' अशी नोंद मी केली. समज खरं तर मलाच द्यायला हवी होती. आयुष्यभर मटका पकडणाऱ्याला 'ओपन' म्हटल्यावर दुकानाचं शटर सुचत नाही.

छाप्याच्या बोभाट्याने गंमत बघायला गर्दी झाली, सामानही खपलं आणि गाळे रोज उघडू लागले. पण 'मटकेवाली वसाहत' हे नाव पडलं ते पडलंच. आकडा चढेना.

निवृत्तीनंतर एकदा तिसरा मजला चढून चाचीची माफी मागायला गेलो.

"बेइज्जती खाली केली," ती म्हणाली, "आणि माफी वर येऊन मागता? खाली जा, चारचौघांत मागा."

रविवारी सेंटरवर गेलो. परेडच्या आवाजात म्हणालो, "चाचा, इथे मटका कधीच नव्हता!"

गाळ्यासमोरची बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, मटका म्हणाले का ते?"

"साहेब," चाचांनी दात आवळले, "पार्टी आहे!"

मी त्या जोडप्यापुढे हात जोडले आणि खबऱ्यापासून मटकीपर्यंत सगळी केस सांगितली. बाई हसत सुटली. नवऱ्याने विचारलं, "फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे?"

मग मी चाचांकडे वळलो आणि या वेळी अगदी हळू आवाजात म्हणालो, "माझं चुकलं, चाचा."