यादीत नसलेली वैशाली

परवाच्या रविवारी खालापूरला मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता... आणि मी भरल्या ताटावरून उठून पळाले. लोकांना वाटलं माझं कशावरून तरी बिनसलंय. बिनसलंच होतं, पण काय ते मलाही कळत नव्हतं.

आमची कळंबला बटण मशरूमची शेड आहे. मी राहते कर्जतला, शेड सांभाळते यमुना, तिथल्याच ठाकरवाडीतली. सहा वर्षं झाली आता. आत चोवीस तास एसी लागतो. उन्हाळ्याच्या या दिवसांत तो दोन-तीन तास बंद राहिला की अख्खं पीक हातचं गेलं. म्हणून खोल्यांत सेन्सर बसवलेत, त्यांचा डेटा दर मिनिटाला क्लाउडवर जातो आणि मी दिवसभर मोबाइलवर ते आकडे बघत बसते. नवरा म्हणतो, माझ्याकडे इतकं कधी बघितलं नाहीस...

मागच्या आठवड्यात ही सिस्टिम लावून देणाऱ्या पुण्याच्या इंजिनीअर मॅडमचा फोन आला. तुमचा डेटा उघड्या इंटरनेटवरून जातोय, तो आपण प्रायव्हेट नेटवर्कवर घेऊ म्हणाल्या. मी म्हटलं, मशरूमचं तापमान चोरून कोणाला काय मिळणार आहे? तर म्हणाल्या, ज्या वाटेने आकडे बाहेर जातात त्याच वाटेने एसीला हुकूम आत येतात... भलत्याच कोणी घुसून एसी बंद केला तर? मग मात्र माझी तंतरली. म्हटलं, बंद करा बाई ती वाट.

पुढे त्यांनी बरंच समजावलं. बोगदा, किल्ली, आणि काय काय... मी हो हो करत राहिले. डोक्यात काडीचं शिरलं नाही.

शेवटी त्यांनी कोणाकोणाचे फोन आत घ्यायचे त्याची यादी मागितली. पहिलं नाव शेडवर कायम असणाऱ्या माणसाचं द्या, नवीन कोणाला घ्यायचं तर परवानगी त्याच्याच हातात राहील. यादी करणं हा तर माझा हातखंडा... यमुना, नवरा, मुलगी, खोपोलीचा एसी मेकॅनिक. दिली पाठवून. यमुनाला बजावलंसुद्धा, अनोळखी कोणी आत यायला मागितलं तर सरळ नाही म्हणायचं.

तर रविवारी सकाळी जुनी वाट बंद झाली. पंगतीत बसल्या बसल्या मी फोन उघडला, तर आकडेच नाहीत... नुसतं गोल गोल फिरतंय. नेट फुल्ल. फोन बंद करून चालू केला, तरी तेच. यमुना फोन उचलेना, मुलगीही उचलेना. नवरा आपला फोन नेहमीसारखा घरी विसरून आलेला.

चौक, कर्जत, नेरळ, कळंब... रस्ताभर मी नवऱ्यावर करवादत होते. दुसऱ्या दिवशी माथेरानच्या हॉटेलांची ऑर्डर जायची होती. त्यापेक्षाही, यमुना आणि चार बायकांची दीड महिन्याची मेहनत त्या खोल्यांत होती. रडायलाच येत होतं मला.

पोचले तर यमुना दारात निवांत क्रेट पुसत बसलेली. फोन पिशवीत, म्हणून ऐकू आला नव्हता. आत गारेगार. तिच्या फोनवर सगळे आकडे हिरवे, माझ्या फोनवर अजून गोल गोल... दोन्ही फोन शेजारी धरून मी नुसती बघत राहिले.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ताई, डेटा अगदी व्यवस्थित येतोय. तुम्हीच यादीत नाही आहात."

घ्या! हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं ती यादी करताना आपण स्वतःचं नाव लिहितो का? तीच सवय. घरचं माणूस कशाला लिहायचं...

मॅडम म्हणाल्या, विनंती पाठवते, तिकडून हो म्हणा. थांबलो. मग म्हणाल्या, नकार आलाय. परत पाठवली, परत नकार. आता त्याही गोंधळल्या. मी मागे वळून बघितलं तर यमुना कपाळाला आठ्या घालून फोन धरून उभी.

"ताई, कोनी वैशाली हाय. सारखी आत यायला मागते. मी दोनदा नाय म्हटलं."

वैशाली म्हणजे मी. सहा वर्षांत तिला माझं नाव कोणी सांगितलंच नव्हतं, मी आपली ताई. आणि यादीत लिहिताना तिचं आडनाव मला तिलाच विचारावं लागलं होतं, तेही तेव्हाच आठवलं. फार ओशाळले मी.

नाव सांगितलं. तिने ते एकदा हळूच म्हणून बघितलं, हसली, आणि तिसऱ्या खेपेला मला आत घेतलं.

प्रायव्हेट नेटवर्क म्हणजे नक्की काय, ते मला अजूनही धड कळलेलं नाही. पण खुद्द मालकिणीला दोनदा दारातून परत पाठवणारं माणूस माझ्या शेडवर आहे, एवढं कळलं... थँक्यू यमुना.