पिकायला दिलेलं पेन

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिसोडच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. खोटं कशाला बोलू, रडू फुटायच्या आधी मनात आलं ते हेच, की माझं पेन राहिलं... सख्खा भाऊ गेला आणि हिला पेनाची पडलीय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. दादाचं पेन ज्यानं एकदा हातात धरलंय तो तसं म्हणायचा नाही.

किन्हीराजाला दादाची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या मोटारीलाच दुसरा पट्टा जोडून त्यानं लाकूड फिरवायची सोय केली होती. दळण नसलं की पेनं. कुणी मोडकं वखर, जुनी तिफण चुलीत घालायला निघालं की हा आडवा व्हायचा. ते बाभळीचं लाकूड पेनाएवढं बारीक करायचा, आत रिफिल बसेल अशी पोकळी कोरायचा आणि वरून गंजके खिळे भिजत घातलेलं आंबट ताक चोळायचा. बघता बघता तांबूस लाकूड काळं पडायचं, पणजोबांच्या पेटीतून काढल्यासारखं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडावर हातच ठेवला. वहिनी मात्र येताजाता म्हणायची, घरात माणसाले ताक नाही आन् लाकडं पिऊन राह्यली.

पण खरी करामत पुढंच होती. ताकानं रंग येतो, जुनेपणा येत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून तयार झालेलं पेन तो गावात पिकायला द्यायचा. हो, पिकायलाच, आंबे आढीत घालतात तसं. एक मेंढपाळाला, एक भजी तळणाऱ्याला, एक शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला. यातल्या बहुतेकांचा लिहिण्याशी काडीचा संबंध नव्हता. लिहायचं नाही, नुसतं हाताळत राहायचं, एवढीच अट. वर्षा-दोन वर्षांनी पेन परत यायचं तेव्हा त्याच्या कडा विरघळलेल्या असायच्या आणि अंगावर असं तेज, की... जन्मभर शाळेत मराठी शिकवलं मी, पण त्या पेनांपुढे मला शब्द सुचत नसे. दादा डोळे मिटून नुसता बोट फिरवायचा आणि सांगायचा, हे भज्याचं, हे मेंढरांमागचं. एकदाही चुकला नाही. शिरपूरला देवळात आलेले यात्रेकरू वाट वाकडी करून यायचे, तर हा त्यांना पेन विकण्याऐवजी ते कुणाच्या हातात पिकलं तेच सांगत बसायचा.

मला मात्र त्यानं कधी पेन दिलं नाही. निवृत्त झाले तेव्हा हक्कानं मागितलं, तर म्हणाला, तुयं पिकून राह्यलं. कुणाकडं, विचारलं की नुसता हसायचा. दर भाऊबीजेला मी ओवाळून झाल्यावर तेच विचारायचं आणि त्यानं तेच सांगायचं. शेवटच्या भाऊबीजेला एवढंच जास्त म्हणाला, "हात चांगला भेटला त्याले. पन हात त्याले सोडून नाही राह्यला."

इथं वहिनीचं सांगायला हवं. तिचं नि माझं फाटलं ते आईच्या शेवटच्या आजारपणात. कुणी किती केलं यावरून दोघी नको ते बोलून बसलो. त्यानंतर 'चहा घ्या' आणि 'येते' यापलीकडे आमच्यात शब्द नाही. दादा मध्ये पडला नाही. मला तेव्हा त्याचा रागही यायचा, की हा एवढा कसा थंड.

तेरवीला पंगत उठली आणि एकेक जण पुढे येऊन दादाच्या फोटोसमोरच्या ताटात पेन ठेवू लागला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणाकडं कोणतं पेन आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मेंढपाळ आला, भजीवाला आला, खिचडीवाली डोळे पुसत आली. ताट भरलं. एवढ्या हातांमध्ये माझा भाऊ जागा ठेवून गेला होता... मी एकेक पेन उचलून बघत होते, यात माझं कोणतं? सांगणारा फोटोत जाऊन बसलेला.

पाहुणे पांगल्यावर वहिनी शेजारी येऊन बसली. कमरेच्या बटव्यातून तिनं एक पेन काढून माझ्या हातावर ठेवलं. ताटातली सगळी पेनं त्याच्यापुढे कच्ची वाटावीत असं काळंभोर, आणि मधोमध अंगठा बरोबर बसेल एवढा खळगा.

"हे तुमचं, शोभाबाई," ती म्हणाली. "तुमचे दादा मले म्हनत, शोभीचा राग आला का हे घासत जाय. लय राग येत होता मले तुमचा. म्हनून असं पिकलं." मग खाली बघत म्हणाली, "कवाचंच पिकलं होतं. ते मांगत होते. म्याच देल्लं नाही."

"काहून?" माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली.

"तुमचं दुसरं काय होतं माह्यापाशी?"

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तेव्हा कुठं मला दादासाठी रडू आलं. निघताना तिनं दादाच्या हातचं शेवटचं पेन माझ्या पिशवीत टाकलं आणि बजावलं, हे आता तुमी पिकवा, माह्यासाठी.

ते कच्चं पेन रिसोडला माझ्या खिडकीत असतं. दिवसाकाठी कितीदा तरी हातात घेते. मधूनच किन्हीराजाहून फोन येतो, पिकलं का? कुठलं हो, मी म्हणते, खरखरीतच आहे अजून. थोडा राग येऊ द्या ना बाई, ती पलीकडून सुचवते. मीही मनावर घेते. खिडकीत बसून आईच्या आजारपणातलं तिचं एकेक बोलणं आठवते, पेनावर अंगठा फिरवत राहते... पण मेला राग काही येत नाही.