नीलाताईंचे सरडे

महिन्यापूर्वी सकाळीच नीलाताईंच्या भाच्याचा फोन आला. "मावशी गेली," एवढंच बोलला. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात मी त्यांना मऊ भात भरवून आले होते...

मीरा रोडला आमची दारं समोरासमोर. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी बँकेत. निवृत्तीनंतर मी गुडघे सांभाळत बसले आणि त्या जवळच्या राई गावात सरड्यांमागे फिरू लागल्या. सरड्यांनाही मलेरिया होतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कुंपणावरचा सरडा अलगद धरायचा, रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यायचा आणि घरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मलेरियाचे परजीवी शोधायचे. एखादा सापडला की मला हाक मारायच्या. "बघा, पेशीत कसा अंग चोरून बसलाय." मला नुसते जांभळे ठिपके दिसायचे, पण त्यांचा चेहरा बघायला मी जायचे.

एका पावसाळ्यात राईतल्या हिराकाकूंच्या नातीला मलेरिया झाला. आम्ही भेटायला गेलो, तर अंगणात तीन सरडे मरून पडलेले आणि काकूंच्या हातात काठी.

"ताई, तुमीच बोललात ना, यांना मलेरिया हाय?"

नीलाताई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आहे, काकू. पण त्यांचा निराळा, तो माणसाला होत नाही. आपला मलेरिया माणसाकडून माणसाकडे डास नेतो. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. चूक माझी आहे."

काकूंनी काठी खाली ठेवली.

पुढचा आठवडाभर नीलाताई राईत घरोघर हेच सांगत फिरल्या. कुणी ऐकलं, कुणी हसलं. पिंपांची झाकणं बघायची, साचलेलं पाणी ओतायचं आणि शेवटी नातीच्या उशाशी बसून तिने गोळ्या घेतल्या ना, हे विचारायचं. पोरगी बरी झाली. तरी काकूंच्या अंगणात सरडा धरायला त्या पुन्हा गेल्या नाहीत. बरेच महिने गेले... मग एक दिवस काकूंचाच फोन आला. "ताई, मेंदीवर एक बसलाय. येताय का?" नीलाताई चहा तसाच टाकून निघाल्या.

परवा भाच्याबरोबर त्यांची खोली आवरली. टेबलावर एक जाड वही होती. पानोपानी सरड्यांच्या नोंदी, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी, एकदाही 'वरीलप्रमाणे' न म्हणता, पूर्ण लिहिलेलं वाक्य: 'जिथे धरला, तिथेच सोडला.'

ती वही मी मागून घेतली. रोज दुपारी एक पान वाचते.